तिच्या सशांचा पाला

मी उभी उमर जमिनीखाली काढली. चिखल्याला मँगनीजच्या खाणीत सकाळच्या पाळीला उतरायचं, दुपार ढळली की वर यायचं, असं करता करता केस पांढरे झाले. छताला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ठोकली की आवाजावरून मी सांगायचो, हा दगड टिकेल का पडेल. टणक आवाज आला तर खुशाल डबा सोडून बसा, भद्द आला तर पळा. माझ्या या कानावर सोबतची माणसं भरोसा ठेवत. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण त्या कामात मला शिकवणारा कोणी भेटला नाही. बढाई म्हणून सांगत नाही. जमिनीखालचं मला सगळं कळत होतं आणि वरचं काहीच कळत नव्हतं, हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं समजेल.

वरचं सगळं तिच्याकडे होतं. ती म्हणजे माझी बायको. मी खाणीच्या कॉलनीत राहायचो, ती आंबागडच्या पायथ्याला आमच्या गावात. धानाच्या चार बांध्या, दोन लेकरं, सासू-सासरे, सगळं तिनं एकटीनं ओढलं. मी रविवारचा पाहुणा. रविवारी ताटात जी भाजी पडायची ती बहुतेक रानातून आलेली असायची. तिचं नाव विचारायची मला कधी गरज पडली नाही. भाजी खुडणं हे बायांचं काम, असं आमच्याकडे सगळेच समजतात. मी जरा जास्तच समजत होतो.

मी नोकरीतून निवृत्त होऊन गावी राहायला आलो आणि मागच्या थंडीत तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दोन महिन्यांनी पाय थोडा टेकू लागला. तोंडातून 'हो', 'नाय' आणि 'पानी' एवढे तीन शब्द निघू लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईनं एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, हा दाबत राहा, हात वापरला नाही तर कायमचा जाईल. घरी आल्यावर तिनं डाव्या हातानं तो चेंडू अंगणात फेकला. मी आणून दिला. तिनं पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा मी ओरडलो, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चेंडू खिशात घालून बाहेर निघून गेलो. जिद्दीत ती माझ्या दोन पावलं पुढंच आहे.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक सासरहून आली ती आंब्याच्या खोक्यात दोन ससे घेऊन. बाजारात मिळतात ते पाळीव ससे. एक पांढराफटक, दुसरा पांढराच पण राखी कानांचा.

"घरात माणसं कमी पडले का वं?" मी विचारलं.

"माणसं बोलतेत बाबा. बोल बोल म्हणून मायच्या मागं लागतेत. हे काही बोलत नाहीत. मायले सध्या असेच कोनी पायजेत."

दुसऱ्या दिवशी लेकीनं अंगणातल्या मुंगण्याची, म्हणजे शेवग्याची, एक डहाळी तोडली, मायच्या उजव्या हातात ठेवली आणि बोटं वरून मिटवून दिली. राखी कानाचा मांडीवर चढला, पानं धरून ओढू लागला. डहाळी निसटली. लेकीनं पुन्हा ठेवली, पुन्हा निसटली. चौथ्या-पाचव्यांदा सशानं ओढली आणि डहाळी निसटली नाही. अंगठा आत वळला होता. लेकीनं पाहिलं, मी पाहिलं. तिनं स्वतः पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली, जसं काही झालंच नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ससे आहेत तोवर हात आहे.

लेक गेली. पहिले आठ दिवस बाजारातली पत्ताकोबी चारली. सशांचं पोट बिघडलं, सगळी सपरी, म्हणजे घरापुढची पडवी, घाण झाली. माझा मुलगा तुमसरला दुकानात कामाला जातो, सून घर सांभाळते. तो म्हणाला, "नागपूरवरून तयार दाने मागवून घेऊ."

"जंगलाच्या तोंडाशी राहून सशाले दुकानातलं चारतो का? लोक हासतील."

"लोकायचं राहू द्या. पाला आननार कोन? मी सकाळी जातो तं रात्री येतो. हिले घर हाय, मायचं हाय, पुढं धानाचा रोवना हाय."

"मी आनीन."

"तुमी?"

तो हसला नाही. सून हसली, पदर तोंडावर धरून. "मामाजी, तुमाले मेथी आन सांबार तं वेगळा करता येत नाही."

खरं होतं. सांबार म्हणजे कोथिंबीर, तीही मला ओळखू येत नव्हती. खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. मी उठलो, खताची रिकामी थैली झटकली, इळा घेतला आणि निघालो.

आमच्या गावाला लागून एक बोडी आहे, म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला बांधलेलं लहानसं तळं. उन्हाळ्यात सगळा शिवार करपला तरी बोडीच्या काठाला ओल राहते आणि तिथं हिरवं असतं, एवढं मला माहीत होतं. तिथं बाया धुणं धूत होत्या, हे मात्र लक्षात आलं नव्हतं.

"काकाजी, थैली घेऊन कोठी चाल्ले?"

"असाच."

"असाच कोनी इळा घेऊन फिरते का?"

दुसरी म्हणाली, "खानीत घास उगवत नव्हता ना वं. आता हौस फेडून राहिले."

मी थांबलो. म्हटलं, "सशाचा चारा कापाले आलो. आहे काही म्हननं?"

"आमचं काय म्हननं! आमच्या बकऱ्यायचा बी आना मंग येता येता."

सगळ्या हसल्या. मी काठावर बसून जे हिरवं दिसलं ते कापलं. थैली गच्च भरून, त्यांच्यासमोरून, मान ताठ ठेवून आलो.

घरी येऊन थैली तिच्यासमोर ओतली. हे सहज केलं. खाणीतून आणलेली वस्तू असो का बाजारातून, घरात आली की आधी तिच्यासमोर ठेवायची, ही जुनी सवय. तिनं ढिगाकडे पाहिलं आणि डाव्या हातानं तो निवडू लागली. एक काडी उचलायची, नखानं मोडायची, नाकाशी न्यायची. काही उजवीकडे ठेवायची, काही अंगणात भिरकावायची. थैलीभर पाल्यातून मूठभर उजवीकडे राहिला. बाकी सगळा अंगणात.

"अवं, एवढ्या उन्हात आनलं मी!"

"नाय," ती म्हणाली.

"काहून नाय? काय खराबी हाय त्याच्यात?"

"नाय."

सांगता तर येत नव्हतं तिला. मीही मग विचारायचं सोडलं. अंगणात पडलेला पाला उचलला, मूठभर राहिलेला उचलला, दोन्ही शेजारी ठेवून पाहत बसलो. हे पान असं, ते पान तसं. याच्या देठातून दूध निघते, त्याच्या नाही. याच्यावर लव आहे. हे मोडलं की काकडीसारखा वास येतो. दगडाचा आवाज शिकायलाही मला एक वर्ष लागलं होतं. तिथं शिकवणारा मुकादम शिवी देऊन शिकवायचा, इथं शिकवणारी 'नाय' म्हणून.

रोज हेच. मी सकाळी जायचो, ती दहा वाजता निवडायची. मग ससे सोडायचे, तिच्या मुठीत काडी द्यायची आणि त्यांनी ओढायची. पावसाळा लागला तोवर माझी थैली अर्धी पास व्हायला लागली, रोवणा संपता संपता जवळजवळ पूर्ण. दूब, केना, कुंजरू, पातर असली गवतं नि रानभाज्या ही माझी भरवशाची माणसं झाली. काटेमाठाचे काटे मी स्वतः सोलायचो. ज्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फवारणीची रिकामी बाटली पडलेली दिसली, तो धुरा त्या पावसाळ्यापुरता बंद. ओला पाला आणला की ती 'नाय' म्हणायची आणि खाटेकडे बोट दाखवायची. म्हणजे खाटेवर पसर, पाणी सुकू दे, मग दे. बेशरमाची विषारी पानं एकदा चुकून आली, तेव्हा तिनं तो अख्खा ढीगच पायानं लोटला, तोही उजव्या पायानं. मी राग विसरून पायाकडेच पाहत राहिलो.

आता बाया मला रस्त्यात थांबवून थैलीत डोकवायच्या. "काकाजी, कुंजरू कोठी भेटला?" मी सांगायचो नाही. आपली जागा सांगायची नाही हे भाजी खुडणाऱ्या बायांकडूनच शिकलो होतो.

हाताचं म्हणाल तर पोळ्यापर्यंत ती उजव्या हातानं काडी स्वतः धरू लागली होती. चमचा नाही, कंगवा नाही. पण सशाची काडी धरायची.

आणि नेमकं तेव्हा मी माती खाल्ली.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. बोडी भरून सांडव्यावरून पाणी वाहत होतं, बांध्या भरल्या होत्या, माझ्या सगळ्या जागा गढूळ पाण्याखाली. ससे वाळलेल्या गवतावर होते आणि पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून बसले होते. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं. त्याच दिवशी तिची तपासणीची तारीख होती. मुलगा आणि सून तिला गाडीत घालून भंडाऱ्याला घेऊन गेले. जाताना तिनं पिंजऱ्याकडे बोट केलं.

"पाहतो ना मी," मी म्हणालो. "तू जाय बिनघोर."

थैली घेऊन निघालो. धुऱ्यावर पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. केना होता पण सगळा मातीनं माखलेला. मागं फिरलो तर डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना तरोटा, ज्याला टाकळा म्हणतात, तो उभा. कमरेपर्यंत आलेला, हिरवागार, पिवळी फुलं आलेली. पावसानं धुऊन स्वच्छ केलेला आणि उन्हानं सुकलेला. हात लांबवायचा आणि कापायचा.

आता तरोटा म्हणजे काय परकी गोष्ट आहे का? पावसाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे प्रत्येक घरी तरोट्याची भाजी होते. कोवळी दोन पानं फुटली की खुडतात. वर्षातून एकदा तरी तरोटा पोटात गेला पाहिजे, असं माझी माय सांगायची. या वर्षीही सुनेनं केली होती आणि बायकोनं दोनदा मागून खाल्ली होती. माणसाला चालतो तो सशाला काहून नाही चालणार? मी विचारच केला नाही. उलट मनात म्हटलं, इतके दिवस मी गढ्ढ्या-नाल्यात कायले फिरून राहिलो होतो, घराच्या दारात एवढा माल उभा असताना?

थैली भरून आणली. निवडणारी घरी नव्हती. मी स्वतःच पास केली. दोघांना पोटभर टाकला. पांढऱ्यानं हुंगून हुंगून थोडा खाल्ला. राखी कानाचा खादाड होता, तीन दिवस हिरव्याला मुकलेला, त्यानं फुलांसकट, शेंगांसकट चट्टामट्टा केला. मी खूश.

संध्याकाळी ती थकून आली आणि झोपली. सकाळी मी पिंजऱ्याजवळ गेलो तर राखी कानाचा कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला. लेंड्यांच्या जागी पाणी. उचलून खाली ठेवला तर मागचे पाय धरत नव्हते.

गुरांचा डॉक्टर तुमसरला. त्याला फोन लावला तर तो बैठकीत होता. मी सशाला दुपट्ट्यात गुंडाळून गावाच्या ढोरक्याकडे गेलो. तो माझ्याच उमरीचा, शाळेत सोबत होता, पहिलीतच सुटला. जन्मभर गावाची ढोरं राखली. मी खाणीत पक्क्या नोकरीवर लागलो तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायचो. त्यानं सशाचं पोट दाबून पाहिलं.

"काय चारला गा?"

"तरोटा."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "फुलावरचा?"

"हो. आपुन नाही खात का?"

"आपुन दोन पानाचा खातो, तोही शिजवून. अगा, इतके वर्सं झाले, एका तरी ढोरानं तरोट्याले तोंड लावलेलं पाहिलं का तुनं? रस्त्यानं रोज दोनशे ढोरं जातेत. बाकी सारं खाऊन साफ करतेत. तो एकटा कमरेपर्यंत काहून उभा हाय, एवढा तं इचार कराचा."

  दगडाच्या आवाजावरून छत ओळखणारा मी, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना लिहून ठेवल्यासारखं उभं होतं ते मला वाचता आलं नव्हतं.

"वाचंल का?"

"चमच्यानं पानी पाज. मोठा ढोर असता तं काही केलं असतं. एवढ्याशा जिवाले काय करू?"

घरी आणून चमच्यानं पाणी पाजलं. अर्धं आत गेलं, अर्धं दुपट्ट्यावर. दुपारचं ऊन सपरीत आलं तेव्हा तो आडवा झाला.

मुलाला सुट्टी होती त्या दिवशी. त्यानं पाहिलं आणि लगेच मोटारसायकलची किल्ली उचलली. "बाबा, काही बोलू नका. तुमसरच्या बाजारात असाच भेटते. चार वाजेपर्यंत आनतो. राखी कानाचाच आनतो. मायले काय समजते?"

"काय म्हनलं?"

"मायले काय समजते, म्हनलं. तब्येत अशी. ऐकून हात पुन्हा पडला तं?"

भीती मलाही तीच होती. रात्रंदिवस तीच. पण 'मायले काय समजते' हे शब्द माझ्या कानात भद्द वाजले. जी बाई काडी मोडून, हुंगून सांगते हे चालेल, हे नाही, तिला तिच्या मांडीवरचा ससा ओळखू येणार नाही?

सून हळूच म्हणाली, "नाही तं मांजरानं नेला म्हना, मामाजी."

"मांजरानं नाही कापला तरोटा," मी म्हणालो. "मी कापला. मीच सांगीन."

दुपट्ट्यात गुंडाळलेला ससा घेऊन मी आत गेलो. ती पलंगावर टेकून बसली होती, पिंजऱ्याची वाट पाहत. मी खाली जमिनीवर बसलो. तिच्यासमोर जमिनीवर बसण्याची माझी पहिलीच वेळ.

"राखी कानाचा मेला," मी म्हणालो. "माझ्या हातानं मेला. मी तरोटा चारला, मोठा, फुलाचा."

दुपट्टा उघडून दाखवला. तिनं डाव्या हातानं त्याच्या कानावरून बोट फिरवलं. मग माझ्यापुढं हात पसरला. काय मागते मला कळलं. मी सपरीतून उरलेला तरोट्याचा दांडा आणून दिला. तिनं शेंग मोडली, आतलं बी पाहिलं आणि तोच दांडा माझ्या खांद्यावर हाणला. एकदा, दोनदा. लागलं नाही, मी हललोही नाही. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली.

दोन दिवस तिनं तोंड फिरवलं नाही. मी सकाळी थैली ओतायचो, ती पाहायची नाही. पांढरा तिच्याजवळ सोडला तर डाव्या हातानं बाजूला सारायची. पांढऱ्याचंही खाणं कमी झालं होतं, फक्त धानाचं वाळलेलं तणस चघळायचा. उजवा हात मांडीवर, बोटं उघडी. पहिल्या महिन्यात होता तसा.

तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, पांढरा ताईच्या घरी पोचवून देतो. तिच्यानं होत नाही, तुमच्यानं बी होत नाही."

"कोनी सांगतलं होत नाही?"

"दिसून तं राहिलं."

"कोनी कोठी नेनार नाही त्याले."

घराच्या कोपऱ्यात दवाखान्यातून मिळालेली चाकाची खुर्ची होती. थंडीपासून प्लास्टिकच्या आवरणातच. तिला तिच्यात बसवायला गेलं की ती पाय ताठ करायची. गावानं आपल्याला गाड्यावर पाहावं हे तिला नको होतं. मी त्या आवरणाला इळा लावला, टरकन फाडलं आणि खुर्ची पलंगाजवळ आणली.

"ऐक वं," मी म्हणालो. "माझ्यावर भरोसा नाही ना तुहा? नाहीच ठेवासारखा. मंग तू चाल. तू दाखव, मी कापतो. नाही आली तं मी एकटा जातो, आन जे दिसंल ते कापून आनतो. पुन्हा तरोटाच आनतो."

तिनं भिंतीवरून तोंड फिरवलं. माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.  मग डावा हात पुढं केला. उठव म्हणून.

थंडीनंतर, दवाखान्याच्या फेऱ्या सोडल्या तर, ती पहिल्यांदा दाराबाहेर आली. हातपंपावर बाया होत्याच.

"आली वं, मावशी आली!"

तिनं मान खाली घातली. एकीनं मला विचारलं, "काकाजी, लायसन हाय का गाडीचं?"

"तिले विचारा. मालकीन ती हाय, मी डायवर."

बायकोच्या तोंडाची डावी बाजू हसली. मान वर आली. त्यानंतर तिनं ती पुन्हा खाली घातली नाही.

सिमेंटच्या रस्त्यानं आम्ही गावाच्या टोकापर्यंत गेलो. ती बोट दाखवायची, मी कापायचो. केना दाखवला. मी बुडापासून कापला तर 'नाय', चिखल उडालेला भाग सोडून वरून काप. पातर दाखवली. दूब दाखवली. डांबरी रस्ता लागला तिथं तरोटा उभाच होता, दोन्ही अंगांना. ती त्याच्याकडे पाहून मग माझ्याकडे पाहू लागली. मी सरळ समोर पाहून खुर्ची ढकलत राहिलो. रस्ता संपल्यावर कच्च्या वाटेवर चाक रुतलं. तिला पुढं जायचं होतं, धुऱ्याकडे. मी म्हटलं आज नाही. ती म्हणाली, 'नाय.' चाक उचलायला गेलो, माझा पाय घसरला आणि मी चिखलात बसलो. ती पुन्हा हसली. मी कपडे झटकले आणि खुर्ची मागं वळवली, तेव्हा तिनं थैली डाव्या हातानं ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

घरी आल्यावर पाला खाटेवर पसरला. सुकेपर्यंत ती पलंगावर गेली नाही, खुर्चीतच बसून राहिली. मग तिनं एक काडी निवडली, केन्याची, निळ्या फुलाची. डाव्या हातानं ती उजव्या हातात ठेवली. मी बोटं मिटवायला पुढं झालो तर 'नाय'. सून पिंजरा घेऊन आली. पांढरा तिच्या मांडीवर चढला, हुंगला आणि ओढू लागला. तिच्या तोंडावर काही नव्हतं, हसू नाही, रडू नाही. ओठ घट्ट. सशानं मान मागं घेऊन झटका दिला. पान तुटून त्याच्या तोंडात गेलं आणि देठ तिच्या मुठीत राहिला. दाराशी उभा असलेला मुलगा आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी थैली झटकत होतो तर ती खुर्चीत बसायला तयार. मी विचारलं, "आज कोनीकडे?"

 तोंड वाकडं करून, जोर लावून ती म्हणाली, "बोडी."

थंडीपासून तीन शब्दांच्या वर चौथा शब्द निघाला नव्हता. मुलगा, सून दोघंही बाहेर आले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी वाटेचाच विचार करू लागलो. बोडीपर्यंत सिमेंट नाही, डांबर नाही, बांध्यांमधून धुऱ्यानं जावं लागते. आणि खुर्चीची चाकं बोटाएवढी बारीक.

"बोडीच्या वाटेनं ही गाडी जात नाही," मी म्हणालो. "आजच्या दिवस थांब."

मी खुर्ची रिकामी ढकलत चौकातल्या सायकलच्या दुकानात नेली. दुकानवाल्यानं चाक फिरवून पाहिलं.

"काकाजी, हे घरात फिरवाची गाडी हाय. धुऱ्यावरची नाही."

"जाड टायर लाव याले. लुनाचे लाव, कायचे बी लाव."

"बसनार नाही हो. फ्रेमले घासंल."

"मंग फ्रेम काप. वाढव. वेल्डिंगवाल्याले बोलाव."

"टाइम लागंल. घरी जा, सांगतो मंग."

मी त्याच्या दुकानातलं रिकामं पीप उलटं घातलं आणि त्याच्यावर बसलो. "मी अठीच हाय. गाडी धुऱ्यावर चालंल तवा जाईन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि पाना उचलला.